एकेक रेणू ओळखणारी ग्राफीनची फिल्म: दाव्यात नेमकं काय जुळत नाही

ग्राफीनवरचा एक मजकूर अधूनमधून नव्याने फिरायला लागतो. गोषवारा असा: पोलादापेक्षा 200 पट मजबूत असलेलं हे कार्बनचं एका अणूइतकं पातळ जाळं घरच्या मिक्सरमध्ये बनतं, ते चिमूटभर प्लास्टिकमध्ये मिसळून फिल्म ओतली की ती वायूचा एकेक रेणू ओळखते, अशी फिल्म शहरातलं प्रदूषण काही रुपयांत मोजेल, आणि कंपन्यांनीच हे दाबून ठेवलंय. यातलं बहुतेक काही खऱ्या प्रयोगांतून उचललेलं आहे. घोटाळा एवढाच, की प्रत्येक प्रयोगातलं ग्राफीन वेगळं होतं आणि मजकुरात ते एकच होऊन बसलंय.

‘पोलादापेक्षा 200 पट मजबूत’

हे मोजमाप 2008 मधलं, कोलंबिया विद्यापीठातलं. सूक्ष्म भोकांवर ताणलेला एकच निर्दोष थर अतिबारीक टोकाने दाबून पाहिला होता. फिल्ममध्ये असतात ते सुरकुतलेले, फाटके तुकडे, पॉलिमरमध्ये म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात विखुरलेले. ओढल्यावर ते तुटायच्या आधी घसरतात. शिवाय सेन्सरला या मजबुतीशी फारसं देणंघेणंही नसतं, तेव्हा पुढे जाऊ.

‘घरच्या मिक्सरमध्ये बनतं’

2014 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने ग्राफाइटची पूड, पाणी आणि भांडी घासायचा द्रव स्वयंपाकघरातल्या ब्लेंडरमध्ये फिरवून ग्राफीनच्या पापड्या मिळवल्या, हे खरं. पण त्या बहुतांशी काही थरांच्या असतात, आणि भांड्यात उरलेल्या ढीगभर ग्राफाइटमधून त्या वेगळ्या काढायला सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने गरगर फिरवून कण वेगळे करणारं यंत्र लागतं.

ग्राफीन आणि पॉलिमरच्या संमिश्र फिल्मसाठी प्रयोगशाळा बरेचदा दुसराच रस्ता धरतात: 1958 ची हमर्स पद्धत. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटने ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण करायचं. त्यात तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड तापलं तर स्फोट होऊ शकतो, म्हणून भांडं बर्फात ठेवतात. हा घरी करायचा उद्योग नव्हे. हाती येतं ते ग्राफीन ऑक्साइड पाण्यात छान पसरतं, पण वीज जवळजवळ वाहून नेत नाही. मग क्षपण करून त्यातला ऑक्सिजन काढायचा. तो सगळा निघत नाही आणि जाळीत भोकंही राहतात.

विकत आणलेल्या पुडीचीही खात्री नाही. 2018 मध्ये 60 कंपन्यांचे नमुने तपासले गेले तेव्हा बहुतेकांत खरं ग्राफीन 10 टक्क्यांहूनही कमी भरलं. बाकीचं साधं बारीक ग्राफाइट, ग्राफीनच्या भावाने.

‘एकेक रेणू ओळखते’

मूळ प्रयोग मँचेस्टरचा, 2007 चा. चिकटपट्टीने सोलून काढलेलं ग्राफीन, निर्वातात 150 अंशांना तापवून साफ केलेलं, आणि त्यावर सोडलेला अतिविरळ नायट्रोजन डायऑक्साइड. रेणू चिकटला किंवा सुटला की विद्युतरोधात एक पायरी दिसे. प्रयोग अस्सलच होता. पण रेणू *जाणवणं* वेगळं आणि *ओळखणं* वेगळं. त्याच निबंधात अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ यांनीही रोध बदलला होता. वाफेची दिशा तर नायट्रोजन डायऑक्साइडचीच.

याचा अर्थ मुंबईच्या पावसाळ्यात काय होतो ते पाहा. 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली की हवेतल्या साधारण दर 30 रेणूंमागे एक पाण्याचा असतो. नायट्रोजन डायऑक्साइडची आपल्याकडची 24 तासांची मर्यादा आहे दर घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे अडीच कोटी रेणूंमागे एक. त्यात अर्धवट क्षपण झालेलं ग्राफीन ऑक्साइड पाणी आवडीने धरून ठेवतं. हा सेन्सर चर्चगेटला लावला तर तो आधी पाऊस मोजेल.

2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उपकरण बनवताना पृष्ठभागावर रेझिस्टचा, म्हणजे पॉलिमरचा पातळ थर मागे राहतो. तो नीट साफ केल्यावर बाष्पांना मिळणारा प्रतिसाद फार घटला. रेणू गोळा करत होती ती घाण!

संमिश्र फिल्मचं मर्म इथेच आहे. ग्राफीन आणि पॉलिॲनिलीन या वीज वाहणाऱ्या पॉलिमरची फिल्म अमोनियाला चांगला प्रतिसाद देते, कारण अमोनिया पॉलिॲनिलीनमधले प्रोटॉन काढून घेतो आणि त्याची वाहकता घसरते. ओळखीचं काम पॉलिमरचं; ग्राफीन प्रामुख्याने वीज नेतं आणि पृष्ठभाग वाढवतं. डब्लिनच्याच गटाने 2016 मध्ये मुलांच्या खेळण्यातल्या सिलिकॉन पुटीत ग्राफीन मिसळलं. ताण मोजणाऱ्या धातूच्या पट्टीचा ताण-गुणक, म्हणजे ताणल्यावर विद्युतरोध किती बदलतो त्याचं माप, 2 च्या आसपास असतो, या लगद्याचा 500 च्या वर गेला. मानेवरची नाडीच काय, कोळ्याची पावलंही टिपली गेली. तेही मऊ लगद्यात तुकड्यांचे एकमेकांशी असलेले संपर्क तुटतात-जुळतात म्हणून.

मग ‘यात अमुक मिसळलं, कामगिरी वाढली’ या वाक्याला किती किंमत द्यायची? 2020 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली आणि त्याची विद्युत-उत्प्रेरक क्षमता, म्हणजे विजेच्या मदतीने होणाऱ्या रासायनिक क्रियांना वेग द्यायची ताकद, वाढल्याचं दाखवलं. विषय सेन्सरचा नव्हता, पण टोमणा आपल्यालाही लागू आहे.

‘कंपन्यांनी दाबून ठेवलंय’

युरोपीय संघाने 2013 मध्ये ग्राफीनसाठी 10 वर्षांचा, 1 अब्ज युरोंचा कार्यक्रम जाहीर केला. दाबून ठेवायची ही पद्धत फारच खर्चीक म्हणायची. ग्राफीनचे सेन्सर बाजारात आहेतही: ब्रिटनची पॅराग्राफ कंपनी चुंबकीय क्षेत्र मोजणारे हॉल सेन्सर विकते. फक्त तिथे गरज उलटी असते. हवेतले रेणू चिकटले की मोजमाप भरकटतं, म्हणून ग्राफीन हवेपासून झाकून ठेवावं लागतं.