गुंड्याला लूत नाही हो!

आमचा गुंड्या पॉमेरेनियन. मूळ ऐवज मूठभर आणि वर केस पसाभर. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मांड्यांमागचे केस गेले, मग शेपटीचे, मग मानेभोवतीचा तो राजेशाही कॉलर. उघडी पडलेली कातडी हळूहळू काळी पडली. डोकं आणि चारही पाय मात्र जसेच्या तसे केसाळ. एकंदर अवतार शेंडी ठेवून सोललेल्या नारळासारखा.

माझ्या डोक्यावरचे केस गेले तेव्हा सोसायटीत कुणी चकार शब्द काढला नव्हता. गुंड्याचे गेले आणि लिफ्टमध्ये आरोग्य शिबिर भरलं.

तळमजल्यावरच्या काकूंनी एका नजरेत निदान केलं. "लूत आहे ही. जपा हो, सगळ्यांना लागते." त्या संध्याकाळपासून गुंड्या दिसला की आया पोरांना कडेवर घ्यायला लागल्या, त्यातला एक सातवीतला होता. निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "चिकन बंद करा, उष्णता आहे ती." जिमला जाणारा पोरगा त्याच लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, चिकन वाढवा, प्रोटीन कमी पडतंय." वॉचमन मामांनी करंजाच्या तेलात गंधक कालवायला सांगितलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं तर गाडीचं जळकं ऑइल फुकट देऊ केलं. हा उपाय अजूनही लोक करतात म्हणे. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते सगळं पोटात जातं, एवढं तरी कळायला हवं. आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. गुंड्यानं त्यातली एक मिरची पळवली आणि रात्रभर आम्हाला जागवलं.

शेवटी डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "खाजवतो का?"

"अजिबात नाही."

"घरात तुम्हाला कुणाला खाज सुटते?"

सुटत नव्हती. प्रश्न ऐकल्याबरोबर तिघांनाही सुटली. मॅडमनी समजावलं, की खरूज असती तर कुत्रं खाजवून वेडं झालं असतं आणि ती माणसांच्या अंगावरही उठली असती. पिसवांचं म्हणाल तर ज्या कुत्र्याला त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला थोडे चावे पुरतात. पण ते शेपटीच्या मुळाशी चावून चावून स्वतःच केस काढतं. गुंड्या बिचारा काहीच करत नव्हता. केस आपण होऊन चालले होते.

मग त्यांनी ब्लेडला तेलाचा थेंब लावून, रक्ताचा बारीकसा ठिपका दिसेपर्यंत कातडी खरवडली आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. डेमोडेक्स नावाचा लांबुळका किडा शोधत होत्या. तो केसांच्या मुळात राहतो, बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर थोडाफार असतोच, आणि प्रतिकारशक्ती ढासळली की बोकाळतो. "हा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून पिल्लाकडे येतो," मॅडम म्हणाल्या. बायकोनं आधी माझ्या टकलाकडे आणि मग आईकडे पाहिलं. "याचं ते वडिलांकडून आलंय," आईनं तिथल्या तिथे निकाल लावला.

किडा निघाला नाही. मग गजकर्ण. खोलीत अंधार करून गुंड्यावर जांभळा दिवा फिरवला. हिरवट चमकलं तर संशय बळावतो आणि नाही चमकलं तरी काही सिद्ध होत नाही, कारण सगळ्या बुरशा चमकत नाहीत. असला दिवा सरकारी कचेरीत शोभला असता. काही केस उपटून बुरशीच्या तपासणीला पाठवले. तिथंही काही उगवलं नाही.

पुढचा नंबर रक्ताचा. थायरॉईड कमी असलं तर सुस्ती येते, वजन वाढतं, दोन्ही बाजूंचे केस सारखेच जातात. कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक जास्त होण्याचा आजार, असेल तर कुत्रं खूप पाणी पितं, सारखं भूक भूक करतं, पोट सुटतं. मी नकळत पोट आत घेतलं. गुंड्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. माझे काढायचे राहिलेत.

राहता राहिली बायोप्सी. कंबरेवरची जागा बधिर करून 6 मिलिमीटरचा तुकडा काढला, वर टाका घातला. रिपोर्ट वाचून मॅडम म्हणाल्या, "अलोपेशिया एक्स."

"एक्स म्हणजे?"

"अलोपेशिया म्हणजे केस जाणं. नक्की कारण अजून कळलेलं नाही, म्हणून एक्स."

एवढे पैसे मोजून आम्ही पुन्हा बीजगणितात आलो होतो. बाकी सगळं वगळल्यावर जे उरतं ते हे, आणि पॉमेरेनियन त्यातले मानकरी. तब्येतीला धोका नाही, दुसऱ्याला लागत नाही, प्रश्न फक्त दिसण्याचा. नसबंदीनंतर काहींचे केस परत येतात, काहींचे मेलाटोनिनच्या गोळ्यांनी येतात, काहींचे येऊन पुन्हा जातात. उन्हात कातडी जपा, थंडीत स्वेटर घाला. आणि मशीन मारू नका. या जातीचे केस मुळापासून कापले तर नीट यायला कधी कधी वर्षसुद्धा लागतं. (उन्हाळा आला की अशा कुत्र्यांची हजामत करणाऱ्यांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावं.)

टाका निघाला आणि काही आठवड्यांनी गंमत झाली. बायोप्सीच्या त्या जागेवर, बरोबर तेवढ्याच जागेवर, घट्ट पांढऱ्या केसांचा झुबका उगवला. बाकी पाठ गुळगुळीत. मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. या दुखण्यात कातडीला जिथं इजा होते तिथं कधी कधी केस येतात म्हणे. मग सगळीकडेच टोचून टाका, असं बायको म्हणाली, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

सोसायटीत मात्र श्रेयावरून जुंपली. मॅनेजर म्हणाले, चिकन बंद केल्याचा गुण. जिमवाला म्हणाला, वाढवल्याचा. आईनं दोघांना मीठमोहऱ्यांची आठवण करून दिली. वॉचमन मामा खाली वाकले, त्या झुबक्यावरून हळूच बोट फिरवलं आणि माझ्यावरच उखडले.

"साहेब, तेल एवढ्याशाच जागेला का लावलंत? सगळीकडे लावायचं होतं ना!"