आंत्वान आणि आंत्वानेत: लॉटरीच्या तिकिटाआधीचे प्रेम

जाक बेकर यांचा 'आंत्वान ए आंत्वानेत' हा १९४७ सालचा फ्रेंच चित्रपट लॉटरीच्या हरवलेल्या तिकिटाची गोष्ट म्हणून ओळखला जातो, पण माझ्या मते ही ओळख फार अपुरी आहे. तिकिटाला आठ लाख फ्रँकचे बक्षीस लागल्याचे आपल्याला कळते तोवर बराच चित्रपट उलटून गेलेला असतो आणि त्या अवधीत बेकर यांनी एका कष्टकरी जोडप्याचा संसार इतक्या बारकाईने उभा केलेला असतो, की पुढे पाकीट हरवते तेव्हा आपला जीव पैशांसाठी नव्हे, त्या दोघांसाठी कासावीस होतो.

आंत्वान (रोजे पिगो) छापखान्यात कामाला आहे आणि आंत्वानेत (क्लेर माफेई) पॅरिसमधल्या एका मोठ्या दुकानात विक्रेती आहे. त्यांचे घर लहान आहे, शेजाऱ्यांची ये-जा सतत चालू असते, आणि आंत्वानला साइडकार जोडलेल्या मोटरसायकलची फार हौस आहे. त्यांच्या भांडणांना आणि समेटांना मोठे संवाद लागत नाहीत. दिवसभराच्या कामाने थकलेली दोन माणसे एकमेकांकडे कशी पाहतात, यावरच बेकर यांचा भरवसा आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नोएल रोकव्हेर यांनी रंगवलेला किराणा दुकानदार. युद्ध संपून दोन वर्षे झाली तरी फ्रान्समध्ये रेशनिंग चालूच होते, किंबहुना १९४७ मध्येच पावाचे रेशन दिवसाला २०० ग्रॅमपर्यंत खाली आले होते. अशा काळात ज्याच्या ताब्यात खाण्याचे जिन्नस, त्याच्या हाती केवढी सत्ता असेल, हे हा माणूस आंत्वानेतवर ज्या हक्काने नजर ठेवतो त्यातून कळते. नवऱ्याच्या मत्सराला इथे टंचाईची धार आहे, म्हणूनच तो उथळ वाटत नाही.

बेकर हे फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार यांचे सहाय्यक होते आणि रेन्वार यांची माणसांविषयीची माया त्यांच्यातही उतरली आहे. मात्र त्यांची गती वेगळी आहे, दृश्ये छोटी आणि चपळ आहेत. (पुढे प्रचंड लोकप्रिय झालेले विनोदी अभिनेते लुई द फ्युनेस यात अगदी छोट्या भूमिकेत दिसतात.) कान महोत्सवात याला प्रेमविषयक आणि मानसशास्त्रीय चित्रपटांसाठीचा पुरस्कार मिळाला होता, तरीही बेकर म्हटले की बहुतेकांना त्यांचे नंतरचेच चित्रपट आठवतात, याची मला मनापासून खंत वाटते.