सोलर बसवायचं थांबवू नका ओ, तो फॉरवर्ड अर्धवट आहे

कॉलनीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड चारदा येऊन गेला. म्हणे आता सोलर बसवू नका, लेयर्ड पेरोव्हस्काइट (पेरोव्हस्काइट म्हणजे उन्हातून वीज करणारा एक स्फटिकी पदार्थ, आणि लेयर्ड म्हणजे त्याचे पातळ थर, मध्ये मोठे सेंद्रिय रेणू) येतंय, 34 टक्के एफिशियन्सी म्हणजे उन्हाचा तेवढा भाग वीज होतो, पाण्यानं काही होत नाही, रंगासारखं भिंतीला लावायचं, झालं. आमच्या काकांनी तेवढ्यावर कोटेशन कॅन्सल केलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते 34. आकडा खोटा नाही, लाँगी या चिनी कंपनीनं 2024 मध्ये 34.6 टक्के दाखवले, पण ते सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेल्या टँडेम म्हणजे जोड सेलचे, म्हणजे आजच्या पॅनलमधलं जे सिलिकॉन जुनं म्हणताय तेच खाली बसलंय की! नुसतं लेयर्ड म्हणाल तर 2014 ला स्टॅनफर्डमध्ये 4.73, 2016 ला अमेरिकेतल्याच लॉस अलामोस प्रयोगशाळेत साडेबारा टक्के. नंतर वाढलं, तरी साध्या पेरोव्हस्काइटच्या मागेच.

मागे का, तर थरांमधले मोठे सेंद्रिय रेणू पाण्याला अडवतात तसे करंटलाही आडवे येतात. आपल्या चादरींचा गठ्ठा बघा, आडवा ठेवला तर वरनं खाली जायला प्रत्येक चादर ओलांडायची, तोच गठ्ठा कडेवर उभा केला की दोन चादरींच्या मधनं सरळ खाली. लॉस अलामोसवाल्यांनी हेच साधलं, काच आधी तापवून मग त्यावर द्रावण टाकलं आणि थर उभे राहिले. आता बरेच जण खाली साधं पेरोव्हस्काइट आणि वर लेयर्डचा पातळ पापुद्रा देतात, ते जास्त जमतंय.

पाण्यानं काही होत नाही हे पण जरा जास्तच झालं, कमी होतं एवढंच. आणि इथं पाऊस कुठला, इथं ऊन! मे महिन्यात दुपारी आमच्या पॅनलला हात लावला तर चटका बसतो. पॅनलची टेस्टच 85 डिग्री, 85 टक्के दमटपणा, 1000 तास अशी असते, त्यात टिकणं हीच पेरोव्हस्काइटची जुनी रड.

रंगासारखं लावायचं? लॅबमधला विक्रमी सेल नखाएवढा असतो, काच गरागरा फिरवून थर पसरवतात आणि बरंचसं द्रावण कडेनं उडून वाया जातं. मोठ्या काचेवर स्लॉट-डायनं, म्हणजे बारीक फटीतून द्रावण सोडत, ओढावं लागतं, एका कोपऱ्यात आधी वाळलं की भोकं पडतात. वर त्यात शिसं, म्हणजे काचेत पक्कं बंद करणं आलंच. भिंतीचा रंग कुठला!

बाजारात येतंय हे मात्र खरं, ऑक्सफर्ड पीव्ही या ब्रिटिश कंपनीनं 2024 मध्ये टँडेम पॅनल विकायला सुरुवात केली, पण अख्ख्या पॅनलची एफिशियन्सी 24.5. चांगलं सिलिकॉन पॅनल आजच 22 च्या आसपास देतं.

काका, त्या कोटेशनवाल्याला परत फोन लावा, 3 किलोवॅटची 78 हजारांची सबसिडी या सिलिकॉनवरच मिळतेय.