कोकम सरबताची बाटली आणि बिस्फेनॉल-ए

उन्हाळा लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: ‘कोकम सरबताच्या पारदर्शक बाटल्या फॉस्जीन या विषारी वायूपासून बनवतात, उन्हात तापल्या की त्यांतून बिस्फेनॉल-ए आणि डायॉक्सिन सरबतात उतरते.’ (बिस्फेनॉल-ए हा काही कडक प्लास्टिकांचा कच्चा माल, तर डायॉक्सिन हा विषारी संयुगांचा गट.) घरी सरबत करून विकणाऱ्या बायकांच्या चार महिन्यांच्या कमाईवर या संदेशाचा परिणाम होतो, म्हणून प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

मूळ चूक पदार्थाच्या ओळखीत आहे. सरबताची बाटली सहसा पीईटीची, म्हणजे पॉलिएस्टरची असते. तिच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांची सुमारे २५० अंशांवर अभिक्रिया घडवून पाणी बाहेर काढतात. मग निर्वातात, सुमारे २८० अंशांवर, बहुधा अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याच्या संयुगाच्या साहाय्याने, सुटणारे ग्लायकॉल ओढून घेत रेणूंच्या साखळ्या लांबवतात. आपल्या रायगडात पाताळगंगेला तयार होणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याचे रसायनही हेच. या कृतीत फॉस्जीन लागत नाही आणि बिस्फेनॉल-एही लागत नाही. जे घातलेच नाही, ते उन्हाने उतरणार कोठून?

हे दोन्ही पदार्थ लागतात ते पॉलिकार्बोनेटला, म्हणजे पाण्याच्या २० लिटरच्या अनेक कडक जारना. रूढ पद्धतीत अल्कधर्मी पाण्यात विरघळवलेल्या बिस्फेनॉल-एची फॉस्जीनशी अभिक्रिया करतात, आणि फॉस्जीनमधला क्लोरीन अखेर साध्या मिठाच्या रूपात धुऊन निघतो. जारमध्ये वायू दडून राहत नाही. दुसऱ्या पद्धतीत बिस्फेनॉल-ए व डायफिनाइल कार्बोनेट एकत्र वितळवून फिनॉल काढून घेतात, तेथे फॉस्जीन टाळताही येतो. बिस्फेनॉल-एची शंका मात्र येथे रास्त आहे, कारण उकळत्या पाण्याने किंवा तीव्र अल्कलीने साखळी तुटून तो थोडाफार सुटतो. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेटला भारतात मनाई आहे, ती याच कारणाने.

डायॉक्सिनच्या रेणूला क्लोरीन लागतो. पीईटीच्या साखळीत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच असतात.

उन्हाबद्दलची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. पीईटी सुमारे ७५ अंशांना मऊ पडते, आणि तापलेल्या बाटलीतून अँटिमनीचा अत्यल्प अंश पेयात उतरण्याचे प्रमाण वाढते. म्हणून पाक पातेल्यात पूर्ण निवल्यावरच बाटलीत भरावा, आणि भरलेल्या बाटल्या महामार्गालगतच्या टपरीवर उन्हात न मांडता आत सावलीत ठेवाव्यात.