५०० वॉटचे स्पीकर आणि ओला दरवाजा

चतुर्थी जवळ आली की आमच्या गोव्यात, फोंड्याकडे गाडीला काहीतरी नवं बसवायची हुक्की येते, आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला. म्हणणं असं: स्पीकर घेताना वॉट बघा, जितके जास्त तितका आवाज चांगला, दरवाजाचं डॅम्पिंग (थरथर दाबायला पत्र्याला आतून पट्ट्या चिकटवणं) म्हणजे निव्वळ पैसे काढायचा धंदा, ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावला की बॅटरी गेलीच, आणि कंपनीच्या वायरीला हात लावला की वॉरंटी खलास. यातलं शेवटचं तेवढं अर्धं खरं आहे.

वॉटपासून सुरुवात करतो, कारण तिथे मी स्वतः फसलोय. स्पीकर वॉट देत नाही, घेतो. देतो तो स्टिरिओ. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्यावर चालणारा साधा स्टिरिओ ४ ओहमच्या स्पीकरला कागदावरच्या गणितानेही २६ वॉटच्या वर स्वच्छ आवाज देऊ शकत नाही. प्रत्यक्षात १५ ते २० मिळतात. मग खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' छापलेलं असो नाहीतर आणखी काही. '५०० वॉट' हा तर क्षणभराचा, पीकचा आकडा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत पेलवणारे वॉट, आणि त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते. ८७ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतला, तर ॲम्पची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो.

माझ्या पहिल्या गाडीत मी खोकं बघून मागच्या फळीवर अंडाकृती स्पीकर बसवले. अभिषेकीबुवांचं नाट्यपद लावलं तर तंबोरा गायब, डग्ग्याचा नुसता घुमघुमाट, आणि गाणारे बुवा पाठीमागे बसलेले! ऐकू यावं म्हणून बटण शेवटपर्यंत पिळत राहिलो. दोन महिन्यांत एक ट्वीटर (उंच, बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जळाला. वॉट जास्त झाले म्हणून नव्हे, ताकद संपलेला स्टिरिओ फाटका आवाज पाठवत होता म्हणून.

बॅटरीचं थोडक्यात. गाडी चालू असताना वीज अल्टरनेटर पुरवतो, आणि आजचे 'क्लास डी' जातीचे ॲम्प फार कमी वीज वाया घालवतात. मिरामारच्या किनाऱ्यावर इंजिन बंद करून तासन्‌तास गाणी लावलीत तर बॅटरी उतरणारच, पण ती कंपनीच्या स्टिरिओनेही उतरते. खरी काळजी घ्यायची ती फ्यूजची. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत तो हवाच. आणि वायर अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण वीज कमी वाहते आणि आपल्या खाऱ्या हवेत तिची टोकं लवकर खराब होतात.

वॉरंटी: वायर कापून जोड मारला आणि पुढे विजेची भानगड झाली, तर कंपनी हात वर करू शकते. त्याचा गिअरबॉक्सशी काय संबंध? गाडीसोबतच्या पुस्तकातलं कलम वाचा, आणि न कापता जोडणारा कपलर मागा. नव्या गाड्यांत कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं स्टिरिओलाच जोडलेली असतात. त्यामुळे स्टिरिओ राहू द्यावा, स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेणारा ॲम्प जोडावा. जुने स्पीकर माळ्यावर ठेवा.

दरवाजा मुद्दाम शेवटी ठेवला. गाडीत स्पीकरची पेटी म्हणजे दरवाजाच. पत्रा पातळ, त्याला मोठमोठी भोकं. स्पीकरच्या पाठचा आवाज त्यांतून पुढे येतो आणि समोरच्या आवाजातला खर्ज मारतो. ब्यूटाइल रबराच्या चिकट पट्ट्या पत्र्याची थरथर दाबतात आणि भोकं बुजली की खर्ज परत येतो. माझा अनुभव असा की, बेताच्या किमतीचे स्पीकर नीट बंद केलेल्या दरवाजात महागड्यांवर मात करतात. सगळा पत्रा मढवायची मात्र गरज नाही.

निरोप लिहिणाऱ्याचा राग समजतो, कारण हे काम बिघडवणारे फिटर आहेत. काचेच्या फटीतून पाणी दरवाजात उतरतंच, ते तळाच्या भोकांतून बाहेर जातं. घाईत कोणी त्या भोकांवर पट्टी चिकटवली किंवा पॅनेलमागचं प्लॅस्टिक फाडून तसंच ठेवलं, की वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पावसाच्या आपल्या मुलखात गालिचा भिजतो, दरवाजा आतून गंजतो. म्हणून दुकानातून निघण्याआधी काचेवर बादलीभर पाणी ओतून बघा. खाली रस्त्यावर पडलं तर ठीक. पायाशी आलं तर पॅनेल तिथेच पुन्हा उघडायला लावा.