‘नाशिकमध्ये बसून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या एखाद्या वितरणाच्या) रेपोत, म्हणजे पॅकेजांच्या अधिकृत साठ्यात, रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसच्या जोडीला त्यातूनच फुटलेला व्हॅलकी असायलाच हवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता: रेडिस पुन्हा मुक्त (ओपन सोर्स) झालाय, एकाच कामाची दोन पॅकेजं म्हणजे ती सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या डोक्याला दुप्पट ताप, आणि "नाशिकमध्ये बसून दोन-चार सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी डिस्ट्रोच्या धोरणावर ज्ञान पाजळू नये."

पहिलं मान्य. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएलचा पर्याय मिळाला आणि तो परवाना खराखुरा मुक्त आहे.

पण शेवटचं वाक्य? मुद्दा पटला नाही तर तसं सांगा की राव, माणसाचं गाव कशाला काढता? धोरण ठरवणारे कुठेही बसोत, ते निस्तरायला आम्हीच बसतो.

मागे एका डेटाबेसचं पॅकेज परवान्यापायी रेपोतून गेलं. नाव घेत नाही. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या हिशेबपट्ट्या मी त्यातच ठेवल्या होत्या. सर्व्हर अपग्रेड करायला घेतला तर पॅकेज नाही, त्याच्या तोडीचं दुसरंही नाही. लिलाव चालू असताना सगळा डेटा पोस्टग्रेस या वेगळ्या धाटणीच्या डेटाबेसमध्ये हलवला. शेठ दारात उभे, "शेतकरी थांबलेत, पट्टी कधी निघणार?" त्यांना मी एसएसपीएल, म्हणजे त्या डेटाबेसचा तो नवा परवाना, काय समजावणार होतो? तुम्ही त्या दारात उभे राहून दाखवा, मग माझी पात्रता काढा.

२० मार्च २०२४ ला रेडिसने मुक्त परवाना सोडून बंधनं घालणारा परवाना घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा पिंपळगाव-निफाडकडे द्राक्षाचा हंगाम भरात होता. एका पॅकहाउसचे कंटेनरचे मेसेज माझ्या सर्व्हरवरच्या रेडिसच्या रांगेतून जात होते. या वेळी मात्र २८ मार्चलाच लिनक्स फाउंडेशनने व्हॅलकी जाहीर केला: रेडिस ७.२.४ चाच कोड, जुनाच मुक्त बीएसडी परवाना. फेडोरा ४१ या डिस्ट्रोने पुढे रेडिस काढून तोच घेतला. मी रेडिस बंद केला, डंप डॉट आरडीबी ही रेडिसच्या डेटाची फाइल व्हॅलकीच्या फोल्डरमध्ये टाकली, फाइलची मालकी व्हॅलकी युजरला दिली, सर्व्हिस चालू केली. पोर्ट तोच ६३७९. ॲपमधली एक ओळ बदलावी लागली नाही.

हेच आधी रेडिस ७.४ या नव्या परवान्याच्या आवृत्तीवर जाऊन केलं असतं तर जमलं नसतं. त्याच्या आरडीबी फाइलच्या मांडणीची आवृत्ती १२ आहे, ती व्हॅलकी ८ वाचत नाही. म्हणून पर्याय वेळेवर आणि रेपोतच हवा. वर्षभराने परवाना सुधारला, छान झालं; मधलं वर्ष सर्व्हर कशावर चालवायचे होते?

दुप्पट ताप म्हणाल तर तो घ्यायला मेंटेनर आपणहून पुढे आलेत. तुम्ही त्यांच्या वतीने दमू नका.

पुन्हा लिहाल तेव्हा पॅकेजवर बोला, आणि तुमच्याकडे रेडिसची कुठली आवृत्ती आहे तेही सांगा. ७.२ असेल तर फाइल सरळ उघडेल. ७.४ असेल तर डेटा काढायची दुसरी तजवीज लागेल, त्यात मी मदत करीन.