ढील मिळाली म्हणून दोर सुटत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चीनवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ती कडक आहे, पण मनापासून लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सवडीने लिहितो आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७८ पासूनच्या आर्थिक सुधारणांनी चिनी माणसाला पैसा दिला, स्वातंत्र्य कोणतंही दिलं नाही, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे धादांत चूक आहे. तुमचा मुलगा सहा वर्षं शांघायमध्ये नोकरीला आहे, तुम्ही दोनदा त्याच्याकडे राहून आलात, आणि भेदरलेली माणसं तुम्हाला कुठे दिसली नाहीत. ज्याच्या आजोबांना गाव सोडायची मुभा नव्हती तो आज युरोपात सहलीला जातो, हे स्वातंत्र्य नाही तर काय, असं तुम्ही विचारता. दक्षिण कोरिया आणि तैवानमध्येही आधी पोटं भरली आणि मग लोकशाही आली, तेव्हा चीनच्या बाबतीत धीर धरा, हा तुमचा सल्ला. आणि शेवटी विचारलंत, उपाशी माणसाला मत मोठं की भाकरी?

पहिला मुद्दा मला मान्य आहे. ‘कोणतंही’ हा शब्द मी रागाच्या भरात लिहिला. माओच्या काळात शहरातल्या कामगाराचं अख्खं आयुष्य त्याच्या कामाच्या ठिकाणाशी, ‘दानवेई’शी, बांधलेलं असायचं. घर तिथून, दवाखाना तिथून, धान्याची आणि कापडाची कुपनं तिथून. लग्न करायचं तरी तिथलं पत्र लागायचं, आणि ही अट रद्द व्हायला २००३ साल उजाडलं. खेड्यातला माणूस कम्यूनला, म्हणजे सामूहिक शेतीच्या व्यवस्थेला, जखडलेला. पळून शहरात आला, तरी कुपनांशिवाय खाणार काय? या सगळ्यातून माणूस मोकळा झाला. जागतिक बँकेच्या हिशेबाने चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून वर आले. याला ‘नुसता पैसा’ म्हणणं माझ्याकडून अन्यायाचं झालं.

पण आपला वाद राजकीय स्वातंत्र्याचा आहे, आणि तिथे मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. चिनी माणसाला मिळाली ती ढील. दोर ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहिला, आणि ढील किती द्यायची, कधी आखडायची, हे तोच ठरवत आला.

१९७८ च्या हिवाळ्यात चीनमध्ये दोन कागद लिहिले गेले. पहिला आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग नावाच्या खेड्यात. भुकेला कंटाळलेल्या १८ शेतकऱ्यांनी रात्री एका घरात जमून कम्यूनची जमीन आपापसांत वाटून घेतली आणि कागदावर लाल अंगठे उठवले. सरकारचा धान्याचा वाटा ज्याने त्याने भरायचा, सरकारकडे पुन्हा हात पसरायचा नाही, आणि यापायी आपल्यातल्या म्होरक्यांना तुरुंग किंवा मरण आलं, तर त्यांची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. एवढाच मजकूर. जमीन कसायला घेताना मुलांची सोय लावून ठेवावी लागली, यावरून ते काय जोखमीचं काम होतं ते कळतं.

दुसरा कागद बीजिंगमध्ये शिदान भागातल्या एका भिंतीवर ५ डिसेंबरला चिकटवला गेला. लिहिणारा वेई जिंगशेंग, प्राणिसंग्रहालयात वीजतंत्री. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष तेव्हा चार आधुनिकीकरणांच्या गोष्टी करत होता: शेती, उद्योग, संरक्षण, विज्ञान-तंत्रज्ञान. वेईने लिहिलं, पाचवं राहिलं आहे, ते म्हणजे लोकशाही, आणि त्याच्याशिवाय बाकीची चार फोल आहेत.

श्याओगांगच्या कागदाकडे आधी काणाडोळा झाला, मग प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी त्याला पाठीशी घातलं, आणि चार-पाच वर्षांत घरटी कसण्याची ती रीत देशभर लागू झाली. वेईला मार्च १९७९ मध्ये अटक झाली आणि १५ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. भिंतही त्याच वर्षी बंद केली. दोन्ही कागदांचा निवाडा त्याच पक्षाने, सुधारणांचे कर्ते डेंग शियाओपिंग यांच्याच काळात केला. १९८० मध्ये भित्तिपत्रकं लावण्याचा हक्क राज्यघटनेतून काढला. १९८२ च्या नव्या घटनेतून संपाचा हक्कही गेला. म्हणजे ज्या वर्षांत शेनझेनचं दार परदेशी भांडवलाला उघडलं जात होतं, त्याच वर्षांत कागदावर तरी असलेले हक्क एकेक करून पुसले जात होते. सुधारणा आणि स्वातंत्र्य एकाच गाडीला जुंपलेले बैल आहेत असं मानणाऱ्याने ही चार वर्षं एकदा जवळून पाहावीत.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली, लोक श्रीमंत झाल्यावर बदल झालाच की. थोडा झाला, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मीच तुम्हाला देतो. मार्च २००३. सुन झिगांग, वय २७, ग्राफिक डिझायनर, नोकरीसाठी नुकताच ग्वांगझोऊला आलेला. रात्री इंटरनेट कॅफेत जायला बाहेर पडला. जवळ हंगामी रहिवासी परवाना नव्हता. पोलिसांनी धरलं आणि तीन दिवसांत कोठडीत मारहाणीने त्याचा जीव गेला. स्थानिक वर्तमानपत्राने ही बातमी छापली आणि देश पेटला. शू झियोंग, तेंग बिआओ आणि यू जियांग या तीन तरुण कायदेपंडितांनी चीनच्या संसदेच्या, म्हणजे राष्ट्रीय लोकसभेच्या, स्थायी समितीला अर्ज केला: परवाना नसलेल्याला डांबून गावी हाकलण्याची ही पद्धत घटनाबाह्य आहे. जूनमध्ये सरकारने ती रद्द केली. अवघ्या तीन महिन्यांत. त्या वर्षी मलासुद्धा वाटलं होतं की तुम्ही म्हणता तेच खरं, हळूहळू सगळं उघडत जाणार.

पण सरकारने काय केलं ते नीट बघा. घटनाबाह्य काय याचा निर्णय कुठल्याही न्यायपीठाने दिला नाही. तो प्रश्न तसाच ठेवून पद्धत तेवढी मागे घेतली. पुढच्याच वर्षी त्या वर्तमानपत्राच्या लोकांना आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपाखाली अटक झाली. शू झियोंग यांनी काढलेली संस्था २००९ मध्ये बंद पाडली. २०१४ मध्ये त्यांना चार वर्षांचा तुरुंगवास झाला आणि २०२३ मध्ये १४ वर्षांचा. वेईला १५ आणि शूला १४. मधल्या काळात देश इतका बदलला की जुन्या माणसाला ओळखू येऊ नये. हा एक हिशेब मात्र जवळपास तिथेच राहिला.

थोडं स्वतःचं सांगतो. पुण्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात असताना साच्यांच्या कामासाठी मी बरीच वर्षं डोंगग्वानला जायचो. पुरवठादाराकडची एक बाई स्टेशनवर घ्यायला यायची. हुनानची, तिशीतली, कामाला वाघीण. एकदा गाडीत तिने मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला. मुलगी गावी आजीजवळ, कारण आईची रहिवासी नोंद, ‘हुकौ’, गावची, आणि त्यामुळे इथल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळेना. वर्षातून एकदा, वसंतोत्सवाला भेट. मी सहज विचारलं, तुमच्यासारख्या इतक्या जणी आहेत, सगळ्यांनी मिळून महापालिकेकडे का जात नाही? तिने आधी ड्रायव्हरच्या पाठीकडे बघितलं, मग फोन पर्समध्ये ठेवला, आणि मला विचारलं, जेवायला तिखट चालेल ना? ती भेदरलेली नव्हती. स्वतःचा फ्लॅट होता, पुढच्या वर्षी थायलंडला जायचं ठरत होतं. तुम्हाला शांघायमध्ये दिसली ती माणसं अशीच असणार. एकटीने करायच्या सगळ्या गोष्टी तिला मोकळ्या होत्या. ‘मिळून’ या शब्दापाशी ती थांबली.

पक्षाला धास्ती नेमकी त्याचीच असते. २०१८ मध्ये शेनझेनच्या जासिक कारखान्यातल्या कामगारांनी आपली संघटना काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या पाठिंब्याला बीजिंग विद्यापीठासारख्या नामवंत ठिकाणची मुलं आली. मार्क्स वाचून, मनापासून पटून आलेली मुलं. कामगारांना अटक झाली आणि मुलांनाही पकडून नेलं. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशात कामगारांची बाजू घेतल्याबद्दल! हे मला आजही विसरता येत नाही.

आता कोरिया आणि तैवान. तिथे आधी सुबत्ता आली हे खरं, पण तिच्यामागोमाग लोकशाही आपसूक आली नाही. कोरियात १९८० साली ग्वांगजूमध्ये लष्कराने माणसं मारली, १९८७ च्या जानेवारीत एक विद्यार्थी पोलिसांच्या छळाने मेला, आणि त्या जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले तेव्हा थेट निवडणूक कबूल झाली. तैवानमध्ये १९८६ मध्ये विरोधकांनी पक्ष काढला तेव्हा मार्शल लॉ चालू होता आणि पक्ष काढणं बेकायदा होतं. मार्शल लॉ पुढच्या वर्षी उठला. दोन्हीकडे खाजगी मालमत्ता पहिल्यापासून होती, तैवानात स्थानिक निवडणुका पन्नासच्या दशकापासून होत होत्या, कोरियात चर्च होती. सत्तेबाहेर माणसांना उभं राहायला थोडी तरी जागा होती. चीनमध्ये शहरांतली जमीन सरकारची, खेड्यांतली सामूहिक मालकीची, मोठ्या बँका सरकारच्या, आणि २००१ मध्ये तेव्हाचे पक्षप्रमुख जियांग झेमिन यांनी उद्योजकांना पक्षात यायचं आवतण दिल्यावर धनिकही पक्षाचेच. ‘अलिबाबा’चे संस्थापक जॅक मा यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये बँकांच्या नियमनावर जाहीर टीका केली, आणि त्यांच्या अँट समूहाची जगातली सगळ्यात मोठी ठरली असती ती भागविक्री बाजारात नोंदणीला दोन दिवस उरले असताना थांबवली गेली. एवढा मोठा माणूस, पण त्याच्या बाजूने जाहीरपणे उभा राहणारा दुसरा उद्योगपती मला आठवत नाही.

धीर धरायचा तर किती? २०१९ मध्ये चीनचं दरडोई उत्पन्न १०,००० डॉलरच्या पुढे गेलं. मधली महागाई जमेस धरली तरी १९८७ चा कोरिया मागे पडला. आणि त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची दोन कारकिर्दींची मर्यादा काढण्याचा ठराव २,९५८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला होता.

तुम्ही न मांडलेला, पण मला जास्त छळणारा एक मुद्दा आहे. हंगेरीने १९६८ पासून आर्थिक सुधारणा केल्या आणि पुढे तिथे शांतपणे बहुपक्षीय निवडणुका झाल्या. म्हणजे तुमचं म्हणणं कुठे तरी खरं ठरलंच की! ठरलं, पण सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी रणगाडे पाठवायचे नाहीत असं ठरवल्यानंतर. त्याआधी, १९५६ मध्ये, सोव्हिएत रणगाडे हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, शिरले होते. पोलंडची गोष्ट तर उलटीच आहे. तिथे अर्थव्यवस्था कर्जात बुडाली, मांस महागलं, आणि ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीतल्या अन्ना वालेंतिनोविच या क्रेनचालक बाईला निवृत्तीला पाच महिने असताना कामावरून काढलं म्हणून संप झाला. २१ मागण्यांमधली पहिली मागणी पगाराची नव्हती. पक्षापासून स्वतंत्र कामगार संघटना हवी, ही होती. मधे मार्शल लॉ येऊन गेला, पण ४ जून १९८९ ला तिथे जी निवडणूक झाली ती त्या मागणीचीच पुढची पायरी. बीजिंगमध्ये लोकशाही मागणाऱ्या निदर्शकांना हटवायला तियानआनमेन चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रणगाडे आले तो हाच दिवस. पोलंडची अर्थव्यवस्था ढासळलेली होती आणि चीनकडे दहा वर्षांच्या यशस्वी सुधारणा होत्या.

व्हिएतनामचंही तेच. १९८६ मध्ये ‘दोई मोई’, म्हणजे आर्थिक सुधारणांचं धोरण, आलं आणि तीन वर्षांत धान्य आयात करणारा देश तांदूळ निर्यात करू लागला. अर्थकारणासोबत राजकारणही मोकळं करा असं पॉलिट ब्युरोतलेच, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळातलेच, त्रान शुआन बाख म्हणाले, तर १९९० मध्ये त्यांना बाहेर काढलं.

राहिली भाकरी. हा प्रश्न तुम्ही कळकळीने विचारलात, पण तो आन्हुईत विचारून बघा. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात सगळ्यात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी तो एक, आणि श्याओगांग तिथलंच. देशभर कोट्यवधी माणसं गेली. अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवत होते, त्या आकड्यांवर सरकारचा वाटा उचलला जात होता, आणि लोक मरत असताना धान्य परदेशी जात होतं. १९५९ च्या जुलैमध्ये संरक्षणमंत्री मार्शल पेंग देहुआई यांनी माओंना पत्र लिहून या फुगवलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. त्यांचं पद गेलं, आणि आकडे पुढेही फुगतच राहिले. खुद्द मार्शलची ही गत, तर बाकीच्यांनी तोंड कोणत्या भरवशावर उघडायचं? तिथे भाकरी गेली ती बोलायची सोय नव्हती म्हणून. त्या अठरा जणांनी मुलांची सोय कागदावर लिहून ठेवली तेव्हा हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरचं होतं.

मूळ लेखातलं ‘कोणतंही स्वातंत्र्य दिलं नाही’ हे वाक्य मी आज काढलं आहे आणि दानवेई-कुपनांबद्दल तुमच्या म्हणण्याप्रमाणे एक परिच्छेद घातला आहे. बाकीचा लेख तसाच ठेवतो. तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा. त्याच्या ऑफिसात बाहेरगावची नोंद असलेले लोक असतील, त्यांच्या मुलांना आता शांघायच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळतो का, हे त्याला सहज कळलं आणि लिहावंसं वाटलं, तर मला फार हवं आहे. त्याला अडचण होईल असं वाटलं तर मात्र विचारू नका.